गणितीय वक्रांवर आधारित अमूर्त संगणककला

गणितीय वक्रांवर आधारित अमूर्त संगणककला म्हणजे एखाद्या वक्राचे समीकरण किंवा रचनेचा नियम संगणकाला देऊन त्यातून उमटणाऱ्या रेषाकृतींना कलाकृतीचे रूप देण्याची पद्धती होय. या चित्रांत माणूस, झाड, डोंगर अशा ओळखीच्या वस्तूंचे चित्रण नसते. रेषांची लय, सममिती, पुनरावृत्ती, दाटी व विरळपणा हाच त्यांचा आशय असतो. १९५० नंतर अमेरिका व युरोपात या कलेचा पाया घातला गेला. १९६० च्या दशकात अंकीय संगणक आणि त्यांना जोडलेली रेखनयंत्रे संशोधनसंस्थांत उपलब्ध झाल्यावर तिला आजचे स्वरूप आले. चित्राचा कर्ता समीकरण, यंत्र की माणूस, हा प्रश्न या कलेच्या जन्मापासून तिच्याशी जोडलेला आहे.

संज्ञा

या प्रकारासाठी सर्वमान्य असे एकच नाव नाही. संगणककला, अल्गोरिदमिक कला, जनक कला आणि गणितीय कला ही नावे कमीअधिक फरकाने वापरली जातात. यांपैकी जनक कला ही संज्ञा अधिक व्यापक असून यादृच्छिक संख्या, पेशीजाले, वाढीचे नियम अशा कोणत्याही स्वयंचलित नियमातून निर्माण झालेल्या कलेला ती लावतात. प्रस्तुत लेख वक्रांपुरता मर्यादित आहे.

या कलेत सर्वाधिक वापरले जाणारे फल म्हणजे त्रिकोणमितीतील ज्या. संस्कृतमध्ये ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाच्या काळापासून हा शब्द भारतीय गणितात रूढ आहे. अरबी ग्रंथांत त्याचे ‘जिबा’ झाले, पुढे ते ‘जैब’ असे वाचले गेले आणि त्याच्या ‘कपड्याची घडी’ या अर्थावरून लॅटिनमध्ये ‘सायनस’ हा शब्द आला. आजचे ‘साइन’ हे नाव त्यावरूनच आले आहे.

पूर्वपीठिका

संगणकापूर्वीही वक्र रेखाटणारी यंत्रे होती. इटलीतील जांबात्तिस्ता सुआर्दी याने अठराव्या शतकात दातेरी चाकांवर चालणाऱ्या भौमितिक लेखणीचे वर्णन केले. नोटा व रोखे यांच्यावर छापली जाणारी गुंतागुंतीची जाळीदार नक्षी अशाच चाकांच्या यंत्रांनी कोरली जाई. हाताने तिची नक्कल करणे फार अवघड असल्याने ती सुरक्षाचिन्ह ठरली.

फ्रेंच पदार्थवैज्ञानिक ज्यूल आंत्वान लिसाजू (१८२२–१८८०) याने १८५७ च्या सुमारास दोन कंपनकाट्यांना लहान आरसे बसवले. त्यांवरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण त्याने पडद्यावर पाडला, तेव्हा दोन कंपनांच्या संयोगाने बनलेले वक्र डोळ्यांना दिसू लागले. अमेरिकेतील नॅथॅनियल बाउडिच याने १८१५ मध्येच या वक्रांचा अभ्यास केला होता. एकोणिसाव्या शतकात ‘हार्मोनोग्राफ’ हे उपकरण लोकप्रिय झाले. यात लंबकांना जोडलेली लेखणी कागदावर वक्र काढते. हवेच्या व घर्षणाच्या विरोधामुळे लंबकांचे हेलकावे हळूहळू लहान होतात, म्हणून वक्र आतल्या बाजूस गुंडाळत जातो. हा ऱ्हास दाखवणारे पद समीकरणात घातले की संगणकावरही तशीच आकृती मिळते.

ब्रिटिश अभियंता डेनिस फिशर याने १९६५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्पायरोग्राफ’ या खेळण्यामुळे चाकांचे वक्र घरोघरी पोहोचले.

इतिहास

ऑसिलोस्कोपचा काळ

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील बेन लापोस्की (१९१४–२०००) याने १९५० पासून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विद्युत्संकेतांनी वक्र निर्माण करून त्यांची छायाचित्रे घेतली. या आकृतींना त्याने ‘ऑसिलॉन’ असे नाव दिले. १९५३ मध्ये चेरोकी येथील सॅनफर्ड संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. व्हिएन्नात जन्मलेला हेर्बर्ट फ्रांके (१९२७–२०२२) यानेही १९५० च्या दशकात सदृश संगणकाच्या साहाय्याने असेच प्रयोग केले. ही साधने अंकीय नव्हती. त्यांत विजेचा दाब सलग बदलत असे व रेषाही सलग उमटे.

चित्रपटकार जॉन व्हिटनी (१९१७–१९९५) याने विमानवेधी तोफांचा नेम साधण्यासाठी बनवलेले जुने लष्करी यंत्र चित्रे हलवण्याच्या कामी लावले. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटाच्या सॉल बास याने रचलेल्या श्रेयनामावलीतील फिरती सर्पिले व्हिटनीच्या साहाय्याने तयार झाली. पुढे व्हिटनी अंकीय संगणकाकडे वळला. ‘पर्म्युटेशन्स’ (१९६८) व ‘अरेबेस्क’ (१९७५) हे त्याचे त्या काळातील चित्रपट होत. त्याचे तत्त्व सोपे होते. अनेक बिंदू एकाच वेळी निघतात. पहिला एका वेगाने जातो, दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट, अशी चढण असते. काही क्षणांत सगळे विखुरल्यासारखे दिसतात, परंतु ठरावीक टप्प्यांवर ते आपोआप रांगेत येतात. संगीतातील संवाद व विसंवादाशी त्याने याची तुलना केली आणि १९८० मध्ये ‘डिजिटल हार्मनी’ या ग्रंथात हा विचार मांडला.

अंकीय संगणकाचा प्रारंभ

१९६५ हे वर्ष या कलेच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतील श्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस याच्या संगणकचित्रांचे प्रदर्शन भरले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज कलादालनात ए. मायकेल नोल व बेला युलेश यांची चित्रे मांडली गेली. नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टलाच नेस व फ्रीडर नाके यांचे प्रदर्शन झाले. हे चौघेही चित्रकलेतून नव्हे, तर गणित, अभियांत्रिकी व विज्ञान या क्षेत्रांतून आलेले होते.

नोल बेल प्रयोगशाळेत काम करत असे. त्याच्या ‘गाउसियन-क्वाड्रॅटिक’ या चित्रात बिंदूंचे उभे स्थान वर्गसमीकरणाने व आडवे स्थान यादृच्छिक संख्येने ठरते. दुसऱ्या एका चित्रात त्याने आवर्तकाल क्रमाने वाढत जाणारा एक ज्यावक्र घेऊन तो समांतर नव्वद वेळा काढला. ब्रिटिश चित्रकर्ती ब्रिजेट रायली हिच्या ‘करंट’ (१९६४) या हाताने रंगवलेल्या चित्राचा परिणाम समीकरणाने साधता येतो का, याची ही पडताळणी होती.

ओहायो स्टेट विद्यापीठातील चित्रकार चार्ल्स सुरी याने १९६७ मध्ये ‘साइन कर्व्ह मॅन’ हे चित्र केले. त्यात माणसाच्या चेहऱ्याच्या रेखाटनातील प्रत्येक बिंदू ज्या फलानुसार सरकवलेला आहे. चेहरा ओळखू येत असल्याने हे चित्र पूर्णतः अमूर्त नाही. मात्र वक्राने आकृतीचे काय होते, हे ते स्पष्टपणे दाखवते. १९६८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स येथे जासिया रायकार्ट हिने ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ हे मोठे प्रदर्शन मांडले आणि संगणककला सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत गेली.

अलीकडचा काळ

घरगुती संगणकांमुळे प्रयोगशाळेची अट संपली. २००१ मध्ये केसी रीस व बेन फ्राय यांनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ ही चित्रकारांसाठीची प्रोग्रॅमिंगची साधनप्रणाली सुरू केली. ती विनामूल्य असल्याने कलाविद्यालयांतून सर्वत्र वापरली जाऊ लागली. १९९८ पासून भरणाऱ्या ‘ब्रिजेस’ या वार्षिक परिषदेत गणितज्ञ व कलावंत एकत्र येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आरंभीच्या संगणकचित्रांचा मोठा संग्रह जतन केला आहे.

प्रमुख वक्र

लिसाजू वक्र

एकमेकांना लंब अशा दोन दिशांतील आंदोलनांच्या संयोगाने हा वक्र बनतो. त्याची समीकरणे अशी:

क्ष = अ × ज्या (म × ट + फ)
य = ब × ज्या (न × ट)

येथे ‘ट’ हे कालदर्शक चल आहे. ‘अ’ व ‘ब’ आंदोलनांचा विस्तार, ‘म’ व ‘न’ त्यांची वारंवारता आणि ‘फ’ दोहोंतील प्रावस्थेचा फरक दाखवतात. म व न यांचे गुणोत्तर परिमेय असेल तर वक्र स्वतःला येऊन मिळतो. ते अपरिमेय असेल तर वक्र कधीच मिटत नाही व हळूहळू सगळा आयत भरून टाकतो. १ : १ गुणोत्तरात प्रावस्थेनुसार सरळ रेषा, लंबवर्तुळ किंवा वर्तुळ मिळते. २ : ३ हे षड्ज व पंचम यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर होय. कानाला सुसंवादी वाटणाऱ्या या जोडीचा वक्रही साधा व सुटसुटीत दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे बोधचिन्ह १ : ३ गुणोत्तराच्या लिसाजू वक्रावरून घेतलेले आहे.

गुलाबवक्र

अठराव्या शतकात इटालियन गणितज्ञ गीडो ग्रांदी याने या वक्राचा अभ्यास केला. केंद्रापासूनचे अंतर कोनानुसार असे बदलते:

अंतर = कोज्या (न × कोन)

‘न’ विषम पूर्णांक असेल तर न पाकळ्या उमटतात आणि सम असेल तर २न. म्हणून न = ३ असता तीन पाकळ्या येतात, पण न = ४ असता आठ. न अपूर्णांक असेल तर पाकळ्या एकमेकींवर चढतात व फूल दाट होते.

मॉरर गुलाब

पीटर मॉरर याने १९८७ मध्ये गुलाबवक्रावरच आधारलेली एक रचना प्रसिद्ध केली. तीत सलग वक्र काढायचा नसतो. वक्रावर ठरावीक अंशांच्या उड्या घेत बिंदू घ्यायचे व ते क्रमाने सरळ रेषांनी जोडायचे. सहा आवर्तनांच्या गुलाबवक्रावर ७१ अंशांची उडी घेतली तर ७१ व ३६० यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्याने ३६० रेषा पडेपर्यंत आकृती मिटत नाही, आणि जाळीदार फूल तयार होते. उडी एका अंशाने वाढवून ७२ केली की पाच रेषांतच आकृती बंद होते व फुलाचा मागमूस राहत नाही. एका अंशाच्या फरकाने चित्र उभे राहते किंवा मोडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

चक्रज कुलातील वक्र

एका वर्तुळाच्या आतून किंवा बाहेरून दुसरे वर्तुळ घरंगळत गेले असता त्यावरील बिंदूने काढलेले वक्र या कुलात येतात. स्पायरोग्राफमधील आकृती याच होत. पाकळ्यांची संख्या मसाविच्या साहाय्याने काढता येते. उदाहरणार्थ, कड्याला आतून ९६ दाते व चाकाला ४० दाते असतील तर मसावि ८ येतो. ९६ ÷ ८ = १२ पाकळ्या पडतात आणि ४० ÷ ८ = ५ फेऱ्यांनंतर लेखणी मूळ जागी येते. चाक ४८ दात्यांचे घेतले तर केवळ लंबवर्तुळ मिळते.

पाढ्यांची वर्तुळे

वर्तुळावर समान अंतरावर २०० बिंदू घेऊन त्यांना क्रमांक द्यावेत व प्रत्येक बिंदू त्याच्या दुपटीच्या क्रमांकाला सरळ रेषेने जोडावा. क्रमांक २०० च्या पुढे गेल्यास पुन्हा आरंभापासून मोजावे. बेच्या पाढ्याने वर्तुळात हृदयाकृती वक्र दिसू लागतो. तिनाच्या पाढ्याने दोन टोकांचा वक्र येतो, तर चाराच्या पाढ्याने तीन टोकांचा. येथे प्रत्यक्षात एकही वक्र काढलेला नसतो. जीवांच्या कडेकडेने तो केवळ भासतो.

बेझिए वक्र

काही मोजके नियंत्रक बिंदू देऊन हवा तसा वळणारा हा बहुपदी वक्र आहे. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो व रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या सांगाड्यांसाठी तो विकसित केला. आज चित्रसंपादनाच्या बहुतेक प्रणालींत आणि संगणकीय अक्षरांच्या टंकांत हेच वक्र वापरले जातात.

निर्मितीची प्रक्रिया

संगणक वक्र सलग काढत नाही. तो चलाच्या किमती लहान लहान टप्प्यांनी वाढवतो, प्रत्येक किमतीला बिंदूचे स्थान काढतो व लगतचे बिंदू जोडतो. टप्पा लहान असेल तर रेषा गुळगुळीत दिसते आणि मोठा असेल तर कोन उघडे पडतात. सदृश साधनांहून अंकीय साधन वेगळे ठरते ते येथेच. मॉरर गुलाबात तर हा टप्पाच चित्राचा विषय झाला आहे.

कलावंताचे निर्णय साधारणपणे पुढील बाबतींत असतात:

वक्राची निवड व त्याच्या प्राचलांच्या किमती.
एकच वक्र किंचित बदलत किती वेळा काढायचा. शंभर वक्र थोड्याथोड्या फरकाने एकावर एक आले की वस्त्राच्या चुण्यांसारखा पोत निर्माण होतो.
रेषेची जाडी, रंग व पारदर्शकता. पारदर्शक रेषा जेथे अधिक वेळा छेदतात तेथे छटा गडद होते आणि खोलीचा भास होतो.
माध्यम. आरंभी चित्रे प्लॉटरच्या लेखणीने कागदावर किंवा सूक्ष्मफितीवर उतरवली जात. नेस व नाके यांनी कॉनराड त्सूझ याच्या ‘ग्राफोमाट’ या रेखनयंत्रावर काम केले. आज पडदा सर्वत्र उपलब्ध असला तरी शाईच्या ओलसर रेषेसाठी प्लॉटर मुद्दाम वापरणारे कलावंत आहेत.
निवड. एकाच प्रोग्रॅममधून असंख्य चित्रे निघतात. त्यांतील कोणती ठेवायची व कोणती टाकायची हे माणूस ठरवतो.

कर्तृत्वाचा प्रश्न

श्टुटगार्टच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी उपस्थित चित्रकारांनी नाराजी दर्शवली. तत्त्वज्ञ मॅक्स बेन्झे याने त्यांची समजूत घालताना या चित्रांना ‘कृत्रिम कला’ म्हटले. यंत्राची कला माणसाच्या कलेहून वेगळी मानली, तर स्पर्धेचे कारण उरत नाही, असा त्यामागचा विचार होता.

नोलला वेगळ्या प्रकारची अडचण आली. त्याने ‘गाउसियन-क्वाड्रॅटिक’ची स्वामित्वनोंदणी करण्यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अर्ज केला, तेव्हा चित्र यंत्राने काढल्याच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. प्रोग्रॅम माणसाने लिहिला आहे, असे त्याने कळवले. त्यावर यादृच्छिकतेचा आक्षेप आला. त्या संख्यादेखील निश्चित नियमाने निर्माण होतात, असा खुलासा त्याने केल्यावर नोंदणी मान्य झाली.

नोलने एक प्रयोगही केला. पीट माँड्रियान याच्या १९१७ मधील रेषाचित्राची प्रतिमा व तिच्या धर्तीवर संगणकाने काढलेले चित्र त्याने १०० जणांना दाखवले. संगणकाचे चित्र कोणते, हे केवळ २८ टक्के लोकांनी बरोबर ओळखले आणि ५९ टक्के लोकांना संगणकाचे चित्र अधिक आवडले. १९६६ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावरून यंत्र माँड्रियानच्या तोडीचे ठरते असे नाही, कारण रचनेची मूळ कल्पना माँड्रियानचीच होती. चित्राकडे पाहून त्याचा कर्ता ओळखता येत नाही, एवढे मात्र या प्रयोगाने दिसून आले.

टीकेचा दुसरा सूर खुद्द संगणककलावंतांतूनच उमटला. १९७१ मध्ये नाके याने ‘संगणककला नसावी’ अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहून, कलाबाजारासाठी नवनवी चित्रे पुरवत राहण्यास विरोध केला. वक्र मुळातच सुंदर असल्याने कलावंताचे कर्तृत्व ते काय, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. त्याला दिले जाणारे उत्तर असे की, वक्र सर्वांना सारखाच उपलब्ध असतो, परंतु असंख्य किमतींतून नेमकी किंमत हेरणारी दृष्टी सर्वांजवळ नसते. मूळची हंगेरियन व पॅरिसमध्ये स्थायिक झालेली व्हेरा मोलनार (१९२४–२०२३) हिने संगणक मिळण्यापूर्वीच, १९५९ च्या सुमारास, हाताने नियम पाळून चित्रमालिका रचण्यास आरंभ केला होता. या पद्धतीला ती ‘काल्पनिक यंत्र’ म्हणे. १९६८ पासून ती प्रत्यक्ष संगणक वापरू लागली. नियमबद्ध निर्मिती ही यंत्राची नव्हे, तर विचाराची पद्धत आहे, हे तिच्या कामातून दिसते.

निवडीचा हा अधिकारही अलीकडे काही ठिकाणी सोडून दिला जातो. टायलर हॉब्ज याच्या ‘फिडेन्झा’ (२०२१) या मालिकेत प्रवाहक्षेत्राच्या दिशेने वळणाऱ्या वक्रांची ९९९ चित्रे आहेत. प्रत्येक चित्र खरेदीच्या वेळी मिळणाऱ्या संकेतांकातून तयार झाले. नको ते वगळण्याची सोय नसल्याने प्रोग्रॅममधून निघणारे प्रत्येक चित्र चांगलेच असले पाहिजे, ही जबाबदारी कलावंतावर आली.

लाखो चित्रांवर प्रशिक्षित केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांहून वक्रांवरील कला एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. हिच्यातील कोणतीही रेषा तेथे का आली, याचे उत्तर समीकरणात सापडते. समीकरण व प्राचलांच्या किमती ठाऊक असतील तर तीच रेषाकृती कोणीही पुन्हा काढू शकतो.

भारतातील संदर्भ

चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्तीच्या आधारे मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तेथे त्यांनी ‘सिझिजी’ (१९७०) हा अमूर्त चलच्चित्रपट केला. बिंदू, रेषा व संख्यांचे नियम यांवर आधारलेल्या रेखाटनांचे चलनीकरण राम मोहन यांनी केले. हे काम संगणकाविना झाले असले तरी नियमातून आकृती निर्माण करण्याचा विचार तोच आहे.

तमिळनाडूतील कोलम या रांगोळीप्रकारात ठिपक्यांच्या भोवतीने वळणाऱ्या, बहुधा स्वतःला येऊन मिळणाऱ्या रेषा असतात. चेन्नईतील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी व कमला कृथिवासन यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या रचनेचे नियम संगणकशास्त्रातील व्याकरणाच्या रूपात मांडले.

शिक्षणातील उपयोग

मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) हिने मुलांसाठी, भोके पाडलेल्या कार्डावर सरळ दोरे ओवून वक्र घडवण्याची रीत प्रचारात आणली. १९६७ मध्ये तयार झालेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेत पडद्यावरील ‘कासवा’ला पुढे जाण्याच्या व वळण्याच्या आज्ञा देऊन मुले आकृती काढू लागली. मसावि, पाढे, सम-विषम संख्या, अपूर्णांक व त्रिकोणमिती यांतील नियम या आकृतींत डोळ्यांना दिसतात. संख्या बदलली की चित्र कसे बदलेल याचा अंदाज आधी बांधून मग तो पडताळता येतो. पाढ्यांच्या वर्तुळासाठी तर संगणकही लागत नाही. कर्कटक, पट्टी आणि पेन्सिल पुरेशी होतात.

हेही पहा

लिसाजू वक्र
फ्रॅक्टल
ध्रुवीय निर्देशक पद्धती
जनक कला
रांगोळी